सुमात्रन गेंड्याच्या वावराचे सर्वेक्षण : प्राणी दिसत नसताना नकाशा कसा तयार होतो?

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करणाऱ्या एका वन्यजीवप्रेमीने विचारलेला प्रश्न असा : सुमात्रन गेंडा त्याच्या अभ्यासकांनाही क्वचितच दिसतो, तर मग तो कोणत्या जंगलात शिल्लक आहे आणि कोणत्या जंगलातून संपला आहे, हे नकाशावर कशाच्या आधारावर दाखवतात? आणि आपल्याकडची पाणवठ्यावरची गणना किंवा हल्लीचे ड्रोन तेथे का वापरत नाहीत?

थोडक्यात सांगायचे तर हा नकाशा प्राणी पाहून नव्हे, तर त्याने मागे ठेवलेल्या खुणांवरून तयार होतो. त्यात गेंड्याची खूण मिळालेल्या जागा दाखवणे हे त्या मानाने सोपे काम आहे. जेथे काहीच मिळाले नाही, त्या जागेबद्दल किती खात्रीने बोलता येते हे ठरवण्यात खरा कस लागतो, आणि सर्वेक्षणाची बहुतेक आखणी त्यासाठीच करावी लागते.

पाणवठ्यावरची गणना वैशाखातल्या कोरड्या पानझडी जंगलातच शक्य होते, कारण तेव्हा पाणी मोजक्याच ठिकाणी उरते, झाडे निष्पर्ण असतात आणि चांदणे जमिनीपर्यंत पोहोचते. (तरीही आपल्याकडे ती नोंद आता शास्त्रीय गणना म्हणून धरली जात नाही, आणि ते योग्यच आहे.) सुमात्रात जवळजवळ वर्षभर पाऊस पडतो, प्रत्येक घळीत ओहोळ वाहत असतो, त्यामुळे गेंड्याला एका ठरावीक पाणवठ्यावर येण्याची गरजच पडत नाही. ड्रोनची अडचणही अशीच आहे. एकावर एक चढलेल्या पानांच्या छतातून साधा कॅमेरा पाहू शकत नाही आणि उष्णता टिपणारा कॅमेराही दाट पानांपलीकडचे शरीर टिपत नाही. शिवाय हा गेंडा आकाराने आजच्या पाचही जातींमध्ये सर्वांत लहान आहे, एकेकटा राहतो आणि दिवसाचा बराच वेळ चिखलात लोळत काढतो. 2022 साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या अहवालात जगातल्या एकूण सुमात्रन गेंड्यांचा अंदाज 34 ते 47 एवढाच दिलेला होता. आता उत्तर सुमात्रातील लेउसर परिसंस्थेचे क्षेत्रफळ पाहा : सुमारे 26,000 चौरस किलोमीटर, म्हणजे ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या जवळपास पंधरापट. या दोन आकड्यांची गाठ घालून पाहिली की प्रत्यक्ष दर्शनावर आधारलेली कोणतीही पद्धत येथे का चालणार नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही.

खुणांमध्ये पहिला मान पाऊलठशाचा. निको फान स्ट्रीन या डच संशोधकाने 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून काही वर्षे लेउसरमधील मामास नदीच्या खोऱ्यात राहून ठशांचे प्लॅस्टरचे साचे घेतले, त्यांची मापे जुळवून एकेक गेंडा वेगळा ओळखण्याचा प्रयत्न केला आणि त्यावरून त्यांच्या वावराचे क्षेत्र मांडले. या जातीच्या रानातल्या वागणुकीबद्दल आज आपण जे म्हणतो, त्यातला मोठा भाग त्या कामावर उभा आहे. मादीचा वावर साधारण 10 ते 15 चौरस किलोमीटरचा व खाऱ्या मातीच्या चाटणांभोवती गुंफलेला असतो, तर नराचा 50 चौरस किलोमीटरपर्यंत जातो, हे आकडे पुढच्या आखणीत कामी येतात.

ठसा ओळखताना सुमात्रात सर्वांत मोठी फसगत होते ती टापीर या आखूड सोंडेच्या, डुकरासारख्या दिसणाऱ्या प्राण्यामुळे. गेंड्याच्या चारही पायांना तीन-तीन बोटे असतात. टापीरच्या पुढच्या पायाला चार आणि मागच्या पायाला तीन बोटे असतात. परंतु चालताना दोघांचाही मागचा पाय पुष्कळदा पुढच्या पायाच्या ठशावरच पडतो, त्यामुळे टापीरचा मागही वरवर पाहता तीन बोटांचा वाटतो. प्रौढ गेंड्याचा ठसा वीस सेंटिमीटरच्या आसपास रुंद असतो, त्याचे मधले नख रुंद व बोथट आणि बाजूची दोन आखूड असतात. टापीरची बोटे अधिक लांबट, टोकदार व एकमेकांपासून सुटी उमटतात. प्रौढ गेंड्याच्या बाबतीत एवढ्याने भागते, पण पिल्लाचा ठसा मापाने टापीरच्या जवळ येतो आणि उतारावरच्या ओल्या मातीत कोणताही ठसा घसरून पसरट होतो. म्हणून एका सुट्या ठशावर नोंद करू नये. माग धरून पुढे चालत जावे. वळणावर किंवा ओंडका ओलांडताना कोठे तरी पुढचा पाय मोकळा पडलेला मिळतो, तेथे चौथे बोट आहे की नाही ते पाहावे, शेजारी मोजपट्टी ठेवून सरळ वरून छायाचित्र घ्यावे आणि माती घट्ट असेल तर साचाही घ्यावा. बोर्निओत आज टापीर नाही, त्यामुळे तेथे ही एक शंका कमी होते. परंतु सांबर, बांतेंग (तिकडचा रानबैल) आणि हत्तीचे पिल्लू यांचे एकमेकांवर पडलेले ठसे तेथेही नवख्याला पुरेसे चकवतात.

दुसरी महत्त्वाची खूण म्हणजे लोळण्याचा खड्डा. रानडुकरांची लोळण उथळ व पसरट असते. गेंडा मात्र उताराच्या कडेला एकच जागा पुन्हा पुन्हा वापरतो, त्यामुळे मागची बाजू कोरली जाऊन मातीची भिंत तयार होते आणि त्या भिंतीवर शिंगाने खरवडलेले उभे-आडवे चर दिसतात. खड्ड्यातून बाहेर पडणाऱ्या वाटेवरच्या झुडपांना आणि झाडांच्या बुंध्यांना जमिनीपासून सुमारे एक मीटर उंचीपर्यंत चिखल पुसलेला असतो. रानडुकराचा चिखल तेवढ्या उंचीवर पोहोचत नाही. तो चिखल बोटाने दाबून पाहावा. आतून ओला असेल तर जनावर एक-दोन दिवसांत येऊन गेले, हे समजते. नीट पाहिले तर त्या चिखलात लालसर-तपकिरी राठ केसही चिकटलेले मिळतात, आणि केस मिळाला की त्या नोंदीचे वजन एकदम वाढते.

याखेरीज खाण्याच्या खुणा असतात. गेंडा मनगटाएवढ्या किंवा त्याहून बारीक खोडाचे कोवळे झाड अंगाने रेटून वाकवतो, मोडतो आणि शेंड्याची पाने खातो. तो रोपे पिळून ठेवतो, वाटेच्या कडेला पायाने माती खरवडतो, विष्ठा टाकून ती लाथेने विस्कटतो आणि झुडपांवर मूत्राचे फवारे मारतो. यातली पिळलेली रोपे दिसायला फार ठसठशीत असतात आणि महिनोन् महिने टिकतात, म्हणूनच ती धोकादायक आहेत. ती केव्हाची आहेत ते सांगता येत नाही, आणि मोडलेले झाड हत्तीचेही असू शकते. माझ्या मते केवळ पिळलेल्या किंवा मोडलेल्या झाडावर नकाशाच्या कोणत्याही चौकटीत ‘गेंडा आहे’ असे लिहू नये.

एवढी कडक भूमिका का घ्यावी, याला इतिहासात पुरेशी कारणे आहेत. व्हिएतनाममधील कात तिएन राष्ट्रीय उद्यानात सुमात्रन गेंड्याचा चुलतभाऊ असलेला जावन गेंडा उरला होता. ठशांवरून तेथे काही गेंडे असावेत, असे वर्षानुवर्षे धरले जात होते. 2009-10 मध्ये प्रशिक्षित कुत्र्यांच्या मदतीने विष्ठा शोधण्यात आली आणि 22 नमुन्यांची जनुकीय तपासणी झाली. ते सर्व नमुने एकाच मादीचे निघाले. एप्रिल 2010 मध्ये ती मादी मृतावस्थेत मिळाली, तिच्या पायात गोळी होती आणि शिंग कापून नेलेले होते. जंगलभर पसरलेल्या खुणा एकाच जनावराच्या असू शकतात, हे कळेपर्यंत करण्यासारखे काहीच उरले नव्हते. सुमात्रातील केरिंची सेब्लात राष्ट्रीय उद्यानाबद्दल 1980 च्या दशकात शेकड्यांनी गेंडे असल्याचे अंदाज दिले जात. आज तेथे गेंडा उरलेला नाही.

उलट्या दिशेची चूकही झालेली आहे. इंडोनेशियाच्या ताब्यातील बोर्निओत, म्हणजे कालिमांतानमध्ये, हा गेंडा संपला असे दीर्घकाळ मानले जात होते. 2013 साली पश्चिम कुताई भागात आधी ठसे मिळाले आणि त्याच वर्षी कॅमेऱ्याने जिवंत गेंडाही टिपला. 2016 साली तेथे पकडलेली नाजाक ही मादी पायाला आधीच लागलेल्या फासाच्या जखमेतून संसर्ग होऊन काही आठवड्यांत दगावली, आणि 2018 साली ‘पाहू’ नावाची दुसरी मादी सुरक्षितपणे संरक्षित केंद्रात आणता आली. ज्या जंगलाला नकाशावर रिकामे ठरवले होते, तेथे जनावरे फासात अडकत होती.

आता आखणीकडे येतो. सर्वेक्षणाचे क्षेत्र समान चौकटींमध्ये विभागले जाते. चौकट नराच्या वावरापेक्षा थोडी मोठी असावी, म्हणजे शेजारच्या दोन चौकटींतल्या खुणा एकाच जनावराच्या असण्याचा संभव कमी होतो. मी 8.5 किलोमीटर बाजूची, म्हणजे सुमारे 72 चौरस किलोमीटरची चौकट पसंत करतो. या मापाने लेउसरमध्ये साडेतीनशेहून अधिक चौकटी होतात. सगळ्या सारख्याच बारकाईने तपासणे कोणत्याही निधीत बसत नाही, म्हणून पहिल्या फेरीत शक्य तितक्या चौकटी मध्यम श्रमात पाहाव्यात आणि जेथे शंका उरते तेथे दुसऱ्या फेरीत पूर्ण ताकद लावावी.

चौकटीत चालताना वाट एक-एक किलोमीटरच्या तुकड्यांत मोजली जाते आणि प्रत्येक तुकड्यात खूण मिळाली की नाही, एवढेच लिहिले जाते. वाट मात्र विचारपूर्वक निवडावी लागते. गेंडा डोंगरधारेवरच्या मळलेल्या वाटा, चाटणे आणि ओहोळांचे काठ वापरतो. कागदावर सरळ रेषा आखून दरीतून उतरत-चढत गेल्यास श्रम तेवढेच होतात आणि हाती काही लागत नाही.

या तुकड्यांच्या नोंदींतूनच ‘खूण असूनही आपल्याला न मिळण्याची’ शक्यता काढता येते. समजा, गेंडा असलेल्या चौकटीत एका किलोमीटरमध्ये त्याची खूण मिळण्याची शक्यता 0.2 आहे. पाच किलोमीटर चालल्यावरही काहीच न मिळण्याची शक्यता 0.8 चा पाचवा घात, म्हणजे जवळजवळ 33 टक्के राहते. दहा किलोमीटरनंतर ती 11 टक्क्यांच्या आसपास येते आणि 5 टक्क्यांखाली आणायला 14 किलोमीटर लागतात. खुणेची शक्यता निम्मी, म्हणजे 0.1 असेल, तर त्याच खात्रीसाठी 29 किलोमीटर चालावे लागते. अशा जंगलात दिवसाला चार-पाच किलोमीटर नीट पाहत चालणे हीच मजल असते, हे लक्षात घेतले की एका चौकटीला ‘रिकामी’ म्हणण्याची किंमत कळते. तीन दिवस फिरून काही दिसले नाही, एवढ्यावर एखादे खोरे नकाशातून पुसणाऱ्या अहवालांवर मी म्हणूनच विश्वास ठेवत नाही.

हे गणित मांडण्याची रीत 2002 साली डॅरिल मॅकेन्झी व सहकाऱ्यांनी दिली. तिच्यात प्रत्येक तुकडा दुसऱ्यापासून स्वतंत्र आहे, असे धरलेले असते. प्रत्यक्षात गेंडा एकाच धारेवरून तीन किलोमीटर गेला, तर लागोपाठच्या तिन्ही तुकड्यांत त्याचे ठसे मिळतात आणि गणित फसवे आशादायक होते. ही अडचण दूर करणारी सुधारित पद्धत 2010 साली जेम्स हाइन्स, उल्लास कारंथ आदींनी मांडली आणि तिची कसोटी कर्नाटकातल्या वाघांच्या खुणांवर घेतली होती. सह्याद्रीच्याच दक्षिण भागात घडलेले हे हत्यार वर्षावनातल्या गेंड्यालाही लागू पडते. जेथे जमेल तेथे मी आणखी एक सोय करतो : तोच पट्टा माणसांच्या दोन पथकांनी एकमेकांशी न बोलता स्वतंत्रपणे पाहावा. एका पथकाने पाहिलेले दुसऱ्याला किती वेळा दिसले नाही, यावरून नजरेची चूक थेट मोजता येते. पहिल्याच खेपेला हे आकडे समोर आले की अनुभवी माणसेही गप्प होतात.

सर्व फेऱ्या दोन-तीन महिन्यांच्या आत पूर्ण व्हायला हव्यात, कारण त्या काळात चौकटीतले वास्तव बदललेले नाही, हे गृहीत धरलेले असते. ऋतूचाही विचार करावा. कोरड्या दिवसांत धारेवरची माती इतकी कडक होते की ठसा उमटत नाही; जोराच्या पावसात उमटलेला ठसा दुसऱ्या दिवशी उरत नाही. हलक्या सरींचे दिवस सर्वांत उत्तम.

या पद्धतीचा एक कमकुवत दुवा असा की तिच्या साध्या रूपात नोंदलेली प्रत्येक खूण खरी मानली जाते. जनावरे इतकी थोडी असताना टापीरचे दोन-चार माग गेंड्याच्या नावावर गेले, तरी व्याप्तीचा, म्हणजे किती चौकटींत गेंडा आहे याचा, अंदाज लक्षणीय फुगतो. म्हणून नोंदींच्या दोन प्रती ठेवाव्यात. एकीत फक्त पक्के पुरावे असावेत : कॅमेऱ्यातील छायाचित्र, जनुकीय तपासणी, किंवा मापासह छायाचित्रित केलेला सलग माग. दुसरीत सर्व संशयित खुणाही असाव्यात. विश्लेषण दोन्हींवर करावे आणि दोन्ही उत्तरे छापावीत.

कॅमेरा ट्रॅपला, म्हणजे जनावर समोरून गेले की आपोआप छायाचित्र घेणाऱ्या कॅमेऱ्याला, मी जागा देतो, पण दुसऱ्या फेरीत. लेउसरमध्ये 2011-12 च्या सुमारास कॅमेऱ्यांनी सात वेगवेगळे गेंडे टिपले, आणि शिंगाचा आकार, कानाच्या कडा व त्वचेच्या घड्या यांवरून जनावरे ओळखता येतात, हे खरे. परंतु एका कॅमेऱ्यासमोर जेमतेम काही मीटरांची वाट असते, दमटपणाने यंत्रे बिघडतात आणि हत्ती ती उपटून फेकतात. ताज्या लोळणीवर किंवा वापरातल्या चाटणावर लावलेला एक कॅमेरा नकाशावर समान अंतराने पेरलेल्या दहांपेक्षा अधिक सांगतो. अर्थात, तो संख्येच्या गणितात धरता येत नाही, कारण ती जागा आपण खूण पाहूनच निवडलेली असते.

विष्ठेच्या नमुन्याबाबत वेळ महत्त्वाची. आतड्याच्या पेशी विष्ठेच्या बाहेरच्या थरावर असतात, आणि उष्ण, दमट हवेत त्यांतील डीएनए काही दिवसांतच खराब होतो. ताज्या गोळ्याच्या पृष्ठभागावरचा पातळ थर घेऊन तो अल्कोहोलमध्ये किंवा सिलिका जेलवर ठेवावा. लोळणीतल्या पाण्यातून व चिखलातून डीएनए मिळवण्याचेही प्रयत्न होत आहेत. त्यातून ‘येथे गेंडा येऊन गेला’ एवढे ठरू शकते. किती गेंडे, हे ठरवायला विष्ठाच बरी.

स्थानिक लोकांच्या मुलाखतींना बरेच संशोधक कमी लेखतात. रोटन वेत आणि अगरवूड हे सुगंधी लाकूड गोळा करणारी माणसे आपल्यापेक्षा कितीतरी अधिक दिवस रानात असतात, आणि पहिली फेरी कोठून सुरू करावी हे त्यांच्याकडूनच कळते. फक्त विचारण्याची शिस्त हवी. छायाचित्रे दाखवताना त्यात सुमात्रात नसलेल्या गव्याचेही चित्र मिसळावे. गवाही पाहिला असे जो सांगतो, त्याची बाकीची माहिती बेताने घ्यावी. ‘पाहिले का’ यापेक्षा ‘शेवटचे केव्हा पाहिले’ हे विचारावे, आणि वर्षाऐवजी एखाद्या मोठ्या पुराचा, भूकंपाचा किंवा घरातल्या लग्नाचा आधार द्यावा. वडिलांनी पाहिलेला गेंडा मुलाच्या आठवणीत सहज शिरतो.

नकाशा तयार झाल्यावर तो वाचण्यात एक सापळा आहे. खुणा उंच, चढणीच्या आणि रस्त्यापासून दूरच्या भागात अधिक मिळतात, म्हणून संगणक ‘हा डोंगराळ भागातला प्राणी आहे’ असे उत्तर देतो. पण दक्षिण सुमात्रातील वाय कांबास हे जवळपास समुद्रसपाटीवरचे सखल जंगल या गेंड्याचे घर म्हणून ओळखले जाते. आणि पूर्वी ही जात आसामच्या टेकड्यांपासून चित्तगाव, म्यानमार, मलाया ते बोर्निओपर्यंत पसरलेली होती. शिकारी जेथे कमी पोहोचले तेथे जनावर वाचले, एवढेच हा नकाशा सांगतो. त्याच्या आधारे सखल जंगलाला ‘अयोग्य अधिवास’ ठरवून ते तोडायला मोकळीक देण्याची शिफारस झाली, तर ती चूक गणिताची नसून वाचणाऱ्याची असते.

संख्येआधी वावर का शोधायचा, हेही येथेच सांगतो. एकटी पडलेली मादी दीर्घकाळ नराशिवाय राहिली की तिच्या गर्भाशयात गाठी होतात आणि पुढे ती माता होऊ शकत नाही. त्यामुळे व्यवस्थापनापुढचा तातडीचा प्रश्न ‘एकूण किती’ हा नसतो. या खोऱ्यातल्या जनावराला दुसरे जनावर भेटण्याइतके जवळ आहे का, की त्याला पकडून प्रजनन केंद्रात न्यावे, हा असतो. 2012 पासून वाय कांबासच्या केंद्रात पिल्ले जन्मली आहेत, त्यामुळे पकडण्याला अर्थ आहे. परंतु पकडण्याचा निर्णय चौकटीच्या नोंदीवर घेतला जातो, आणि शेजारच्या चौकटी खरोखर रिकाम्या आहेत की नुसत्या नीट पाहिल्या गेल्या नाहीत, यावर एका जनावराचे भवितव्य ठरते.

शेवटी, नोंदींच्या जागांबद्दल. जीपीएसचे अचूक बिंदू केवळ उद्यानाचे व्यवस्थापन आणि गस्ती पथके यांच्याकडे द्यावेत. प्रसिद्ध होणाऱ्या नकाशात चौकटच रंगवावी, तीही शक्य तितकी मोठी, आणि छायाचित्रांतील स्थळाची माहिती पुसूनच ती बाहेर पाठवावीत. मात्र प्रत्येक चौकटीत किती किलोमीटर चालले, किती जणांनी पाहिले, कोणत्या महिन्यात पाहिले आणि असलेला गेंडा नजरेतून सुटण्याची शक्यता किती उरते, हे चार आकडे लपवण्याचे काहीच कारण नाही. ते ज्या अहवालात नसतील, त्यातील पांढऱ्या, म्हणजे रिकाम्या दाखवलेल्या, चौकटी तपासायच्या राहिलेल्या आहेत असेच धरून पुढच्या सर्वेक्षणाची यादी करावी.